तृतीयपंथी रुग्ण दवाखान्यात उशिरा का येतात?

नगरमध्ये जनरल ओपीडी करताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. तृतीयपंथी रुग्ण बहुधा दुपारी, गर्दी ओसरल्यावर येतात आणि आजार वाढल्यावर येतात. मधुमेहाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच संपलेल्या असतात. कारण विचारले की सांगतात, "डॉक्टर, नाव पुकारलं की सगळे वळून बघतात."

केसपेपरवर पुरुषाचे नाव आणि समोर साडीतली व्यक्ती. भरती करायचे तर वॉर्ड कोणता, यावरच चर्चा सुरू होते. हे टाळण्यासाठी काहीजण हार्मोनच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता परस्पर घेतात. तपासणीशिवाय इस्ट्रोजेन घेतल्यास पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊ शकते. सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका जास्त.

दुसरा धोका आत्महत्येचा. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथे ट्रान्सजेंडर व्यक्तींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण इतरांच्या ७.७ पट आणि आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे ३.५ पट आढळले. सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मिळणाऱ्या देशातली ही स्थिती आहे.

तृतीयपंथी असणे हा मात्र आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते मानसिक आजारांच्या यादीतून वगळले. धोका वाढतो तो घर तुटल्याने, काम न मिळाल्याने, मारहाणीने आणि रोजच्या अपमानाने. इतर रुग्णांची झोप उडाली, जेवण सुटले तर घरचे त्यांना घेऊन येतात. यांच्यातल्या अनेकांना तसे घर उरलेले नसते. अशा वेळी बीपी तपासणारा डॉक्टरच हा बदल टिपणारा एकमेव माणूस असू शकतो.

म्हणून मी सरळ विचारतो, "जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे संशोधनातून दिसले आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, एकटे सोडू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारात लिंगावरून भेदभाव करता येत नाही. 'टेलीमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

दवाखाना चालवणाऱ्यांनी आपल्या कंपाउंडरला एवढे जरूर सांगावे: केसपेपर काढतानाच, "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" असे विचारायचे आणि त्याच नावाने बोलवायचे.