ओळखीचा वास

कुत्र्याचे पिल्लू घरी आणणे फार सोपे असते. ते दोन तळहातांवर मावते आणि खेड्यात त्याचे कोणी पैसेही मागत नाही. परंतु आणलेले पिल्लू घरचे होणे, ही गोष्ट निराळी. त्याला काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत घरातल्या माणसांनाही पुष्कळ शिकावे लागते.

आमच्या वाशीम जिल्ह्यात पावसाळा सरून सोयाबीनची काढणी आटोपली, की खेडोपाडी कुत्र्यांना पिल्ले होऊ लागतात. कुटाराच्या ढिगाआड किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात एखादी कुत्री आपले चार-पाच जीव पोटाशी घेऊन पडलेली दिसते. जन्मतः पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. ते उघडायला सुमारे २ आठवडे लागतात. कानांनी ऐकू येऊ लागते, तेही त्यानंतरच. तोवर त्यांचे सारे जग म्हणजे आईचा वास आणि भावंडांची ऊब! अंगातील ऊब टिकवून धरण्याची शक्ती त्यांच्यात नसते, म्हणून ती एकमेकांवर रचल्यासारखी झोपतात. कडेच्या पिल्लाला थंडी वाजली की ते मध्ये घुसते आणि मधले आपोआप कडेला येते. भावंडे हेच त्यांचे पांघरूण असते.

माझ्या नातवाने पैनगंगेच्या काठच्या एका शेतात असे एक तपकिरी पिल्लू हेरून ठेवले होते. ते लगेच घरी आणावे, असा त्याचा हट्ट होता. परंतु पिल्लाला २ महिने पूर्ण होईपर्यंत आम्ही थांबलो. त्याला कारण होते. खेळता खेळता एका पिल्लाने दुसऱ्याला जोराने चावा घेतला, की ते केकाटते आणि खेळ सोडून देते. आपले दात किती आवरावेत, हे चावणाऱ्याला तेवढ्यावरून उमगते. हा धडा भावंडांइतका चांगला दुसरे कोणी शिकवू शकत नाही.

पौषातील एका संध्याकाळी ते पिल्लू आमच्या घरी आले. त्याचे नाव मोती ठेवले. निघताना शेतमालकाने, पिल्ले ज्या गोणपाटावर निजत, त्याचा एक तुकडाही बरोबर दिला. दिवे मालवले आणि मोती रडू लागला. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “त्याला अंगणात एकटे राहू द्या. दोन रात्री रडेल आणि गप्प बसेल.”

ते गप्प बसले असते, यात मला शंका नव्हती. पण पिल्लाचे रडणे हा हट्ट नसतो, ती हाक असते. कळपातून बाजूला पडलेले पिल्लू अशी हाक देते आणि आई धावून येते. हाकेला उत्तरच मिळाले नाही, तर ते थकून गप्प होते. परंतु थकणे म्हणजे रुळणे नव्हे. शाळेत दर जूनमध्ये परगावची काही मुले नव्याने येत. जी रडत, त्यांची मला फारशी चिंता वाटत नसे. घरून आणलेले भाकरीचे फडके मुठीत धरून जो मुलगा शेवटच्या बाकावर मुकाट बसे, त्याच्याकडे मी अधिक लक्ष ठेवी. त्याच्या गावचा एखादा विद्यार्थी शोधून त्याला शेजारी बसवले, की हळूहळू त्याची मूठ सैल होई.

नातवाने मोतीची टोपली आपल्या अंथरुणाशेजारी ओढून घेतली. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तीत ठेवली, गोणपाट अंथरले आणि आपला हात टोपलीच्या काठावर टाकून तो झोपला. रात्री मोती दोनदा जागा झाला. त्याने हात हुंगला आणि पुन्हा अंग टाकले.

सकाळी सूनबाईने ते मळके गोणपाट धुवायला उचलले. नातवाने ते छातीशी धरले. “आई, हे धुतलेस तर त्याचे घरच धुतले जाईल!” सूनबाई क्षणभर थांबली. मग तिने गोणपाट झटकले आणि पुन्हा टोपलीत घातले.

त्या दिवशी मोतीने काहीच खाल्ले नाही. घरातील सर्वांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी, शेतावर त्याला मिळत असे तसाच भाकरीचा मऊ काला समोर ठेवला, तेव्हा त्याने थोडा चाटला. आम्ही त्याला हातोहाती फिरू दिले नाही. खाणे, झोपणे आणि अंगणात नेणे यांच्या वेळा ठरवल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला लसी टोचून घेतल्या. ३ महिन्यांचा झाल्यावर पिसाळण्याच्या रोगाचीही लस दिली. चौथ्या रात्री तो सलग झोपला. पुढे मोठा झाल्यावर त्याने ते गोणपाट स्वतःच कुरतडून संपवले!

पिल्ले आपली आई विसरतात का? बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर यांनी १९९४ मध्ये याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या दुसऱ्या महिन्यात आईपासून दूर झालेल्या कुत्र्यांपुढे त्यांनी सुमारे २ वर्षांनी दोन कापडे ठेवली. एकाला त्यांच्या आईचा वास होता आणि दुसऱ्याला परक्या कुत्रीचा. कुत्री आईच्या कापडाशी अधिक वेळ रेंगाळली! म्हणजे नव्या घरी सुखाने नांदणाऱ्या कुत्र्याच्या मनातही जुन्या घरासाठी जागा असते आणि त्यामुळे नव्या घराचे काही उणे होत नाही.

मुलांनो, तुम्ही कधी पिल्लू आणलेत, तर त्याच्या आईच्या अंथरुणाचा एक तुकडा आठवणीने मागून घ्या. आणि निदान पहिले काही दिवस तो धुवू नका.