शेऱ्याचा रकाना

साहित्यविचारात वाचकाचा उल्लेख वारंवार होतो. प्रत्यक्ष वाचकाची गाठ मात्र क्वचितच पडते. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ कल्पिला, तो काव्याच्या निरंतर परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे असा. अठराव्या शतकात सॅम्युअल जॉन्सन याने कवी ग्रे याचे चरित्र लिहिताना सामान्य वाचकाच्या मताशी आपले मत जुळते याचा आनंद व्यक्त केला आणि १९२५ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ हिने त्या सामान्य वाचकाचेच नाव आपल्या निबंधसंग्रहाला दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वोल्फगांग इझर याच्यासारख्या जर्मन अभ्यासकांनी वाचकाला अर्थनिर्मितीत भागीदार करून घेतले. या सर्व वाचकांमध्ये एक साम्य आहे. त्यांना वय नाही, गाव नाही, घरदार नाही आणि वाचनालयाची वर्गणी थकल्याची चिंताही नाही.

वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या वाचकाला हे सर्व आहे. वय सत्तर. सारी नोकरी टपाल खात्यात झाली. निवृत्तीच्या वेळी तो एका लहान डाकघराचा पोस्टमास्तर होता. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून तो गावातील सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झाला. साहित्याचे शिक्षण नाही, लेखनाची हौस नाही, साहित्य संमेलनाला तो कधी गेलेला नाही. मात्र जन्मभर नोंदी करण्याची सवय जडलेली. त्यामुळे पहिले पुस्तक घरी आणले त्या दिवशीच त्याने दोनशे पानांची एक वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले : अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, आणल्याचा दिनांक, परत केल्याचा दिनांक आणि शेवटी शेरा.

हा शेवटचा रकाना त्याने खात्यातील सवयीनेच आखला. पत्र पोहोचले नाही की पोस्टमन त्याच्यावर कारण लिहितो. ‘पत्ता अपुरा’, ‘गाव सोडून गेला’, ‘घेण्यास नकार’. शेरा दोन-तीन शब्दांहून मोठा नसतो आणि त्याखाली सही असते. वहीतील पहिल्या वर्षाचे शेरे असेच आहेत. ‘ठीक.’ ‘चांगले.’ ‘उगाच लांबविले आहे.’ एका नामांकित ऐतिहासिक कादंबरीपुढे फक्त ‘भाषणे फार’ एवढेच लिहिले आहे. समीक्षकाला तीच गोष्ट सांगण्यासाठी चार पाने खर्ची घालावी लागली असती, हे मान्य करावे लागेल.

या शेऱ्यांचे अकारण कौतुक करण्यात मात्र अर्थ नाही. त्यांतील कित्येक सरळसरळ चुकीचे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, त्याची हळूहळू वसत गेलेली शाळा आणि अखेर दुष्काळाने ओस पडलेली वाडी एवढाच तिचा ऐवज आहे. या वाचकाचा पहिला शेरा असा की, मास्तराने वेळीच बदलीचा अर्ज करावयास हवा होता. साऱ्या कादंबरीचा जीव ज्या गुंतण्यात आहे तोच येथे दृष्टिआड झाला आहे. पण त्याच ओळीखाली वेगळ्या शाईत, बहुधा काही दिवसांनी, आणखी तीन शब्द लिहिलेले आहेत : ‘गाव सोडून गेले.’ परत पाठवायच्या पत्रांवर हा शेरा त्याने नोकरीत कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. ती पत्रे ज्यांना पोहोचली नाहीत ती माणसे कशी गेली असतील, काय बरोबर घेऊन गेली असतील, हा विचार त्या वेळी मनात आला नव्हता. तो कादंबरीने आणून दिला. बदलीच्या अर्जाची सूचना त्याने खोडलेली नाही. दोन्ही शेरे एकाखाली एक आहेत.

रकाना अपुरा पडू लागला तो उद्धव शेळके यांच्या ‘धग’पासून. १९६० सालची ही कादंबरी. शिंपीकाम करणाऱ्या महादेवाची बायको कौतिक आपला संसार सावरण्यासाठी झगडत राहते आणि तिच्या कष्टांना यश येत नाही. वाचकाला कथा नवी वाटली नाही. तशी घरे त्याने टपाल वाटताना पाहिली होती. त्याला थांबविले ते बोलीने. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द छापलेल्या पानावर पाहून त्याने पुस्तक मिटून ठेवले आणि पुन्हा उघडले. त्याची आई याच भाषेत बोलत असे. शाळेत गुरुजींनी ती भाषा त्याच्या तोंडून छड्या मारून काढली आणि पुढे तालुक्याला बिऱ्हाड केल्यावर आई पाहुण्यांसमोर बोलू लागली की तो विषय बदलीत असे. आई हळूहळू पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली. या शेऱ्यात पुस्तकाच्या गुणदोषांविषयी एकच वाक्य आहे. उरलेली सोळा वाक्ये आईविषयी आहेत.

साहित्यशास्त्राच्या कसोटीवर हा विषयांतराचा दोष ठरेल. कलाकृतीने जागविलेल्या खासगी आठवणी म्हणजे कलाकृतीचे आकलन नव्हे, हा इशारा अभ्यासकांनी योग्य कारणासाठीच दिला आहे. ‘धग’मधील बोली केवळ स्थळदर्शनासाठी नाही, कौतिकची विचार करण्याची रीतच त्या बोलीत घडली आहे, हे त्या वाचकाला मांडता आलेले नाही. तरीही त्याने जे लिहिले त्याचा या विधानाशी संबंध नाही असे कसे म्हणावे? बोली काढून घेतली की माणूस गप्प होतो, हे त्याने आईच्या उदाहरणाने लिहिले आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) त्याने दोनदा वाचली. पहिल्यांदा १९७५ मध्ये, अमरावतीच्या वसतिगृहात. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. खोलीतील चौघांत मिळून एकच प्रत होती आणि रात्री मोठ्याने वाचन चाले. पुण्याला शिकावयास गेलेला, वडिलांचा पैसा उधळणारा, परीक्षेत अपयश घेऊन गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा त्या चौघांना पाचवा सोबती वाटला. वडिलांवरच्या त्याच्या रागाला ते दाद देत. त्या वर्षअखेरीस हा वाचकही नापास झाला, गावी परतला आणि टपाल खात्याच्या परीक्षेला बसला.

दुसरे वाचन निवृत्तीनंतरचे. शेऱ्यात प्रथम एक तक्रार आहे : पुस्तकात वडिलांची बाजू आलेली नाही. त्यानंतर हिशेब आहे. त्याचे स्वतःचे वडील महिन्याला साठ रुपये पाठवीत. वावर सात एकरांचे, तेही कोरडवाहू. मनिऑर्डरच्या तळाशी जे कुपन असे त्यावर पाठविणाऱ्याला दोन ओळी लिहिता येत. वडिलांना अक्षरओळख नव्हती. त्या ओळी गावच्या डाकघरातील माणूस लिहून देई. वसतिगृहात पैसे हातात पडले की तो ते कुपन न वाचता फाडून टाकी, कारण मजकूर दर महिन्याला तोच असे. पुढे स्वतः खिडकीच्या पलीकडे बसल्यावर त्याने शेकडो निरक्षर बापांसाठी असे मजकूर लिहिले. माणसे खिडकीशी उभी राहून बराच वेळ बोलत आणि शेवटी म्हणत, ‘लिहा मास्तर, खुशाल आहे म्हणून.’ दरमहा येणारा तोच तो मजकूर कसा तयार होत असे, हे त्याला तेव्हा कळले. पण आपल्या कुपनांशी त्याचा संबंध ‘कोसला’च्या दुसऱ्या वाचनापर्यंत जोडला गेला नव्हता.

येथे समीक्षकाने क्षणभर थांबावयास हवे. ‘कोसला’ पांडुरंगाच्याच तोंडून सांगितलेली आहे. वडिलांची बाजू तीत पूर्णपणे न येणे हा दोष नसून निवेदनाच्या घाटाचा अपरिहार्य परिणाम आहे, असे कोणताही विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहील आणि त्याचे गुण मिळवील. परंतु तरुण निवेदकाच्या शब्दांआडून, त्याला स्वतःला न दिसणारा बाप वाचकाला दिसू शकतो, ही त्या घाटाची खरी परीक्षा आहे. पन्नास वर्षांच्या अंतराने या वाचकाला तो दिसला. इझर याने संहितेतील मोकळ्या जागांविषयी जे सांगितले ते याहून निराळे नाही. वाचकाने त्या जागेला ‘उणीव’ म्हटले आणि ती स्वतःच्या हाताने भरली. त्याचा निष्कर्ष चुकला, पण वाचन चुकलेले नाही.

वहीतील सर्वांत मोठी नोंद दया पवार यांच्या ‘बलुतं’विषयी आहे. हे आत्मकथन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, अशी तिची मांडणी आहे. गावातील महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना यांचे जग तिने मराठी वाचकांसमोर ठेवले. त्या वेळी हा वाचक नुकता नोकरीला लागला होता. टपालाची वर्गवारी करण्याच्या टेबलावर त्याच्या समोर बसणाऱ्या दलित सहकाऱ्याने आपली प्रत त्याला दिली. आठ दिवसांनी ती परत करताना त्याने मत दिले : पुस्तक बरे आहे, पण अतिशयोक्ती फार. सहकाऱ्याने वाद घातला नाही. त्याने पुस्तक घेतले, खाकी कागदात गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. पुढे चार वर्षे दोघे त्याच टेबलावर बसले. बोलणे-चालणे, उसने देणे-घेणे सर्व होते. मात्र त्याने दुसरे पुस्तक कधी आणले नाही.

वाचनालयाची प्रत हाती आल्यावर त्याने ‘बलुतं’ पुन्हा वाचले. शेरा असा : आमच्या घरी पडवीच्या वळचणीला एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. वावरात राबणारा म्हातारा गडी ती स्वतः घेई, वरून ओतलेला चहा पिई आणि स्वतः धुऊन पालथी घाली. ती कपबशी मी बारा-पंधरा वर्षे रोज पाहत होतो. पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हाही ती वळचणीला होतीच. मला ते सर्व खोटे वाटले नव्हते. खरे वाटले म्हणूनच अतिशयोक्ती म्हणालो.

हे शेवटचे वाक्य लिहावयास त्याला किती दिवस लागले हे वहीवरून कळत नाही. त्याने सहकाऱ्याचा शोध घेतला. तो दहा वर्षांपूर्वीच वारला होता. मुलगा नागपूरला असतो असे कळले. त्याला पत्र लिहावयास घेतले, पण ते पाठविले नाही. वडिलांना उद्देशून लिहिलेले मुलाने का वाचावे, आणि त्यात क्षमा मागावयाची ती कोणाची, हे त्याला ठरविता आले नाही. वहीत शेऱ्याखाली, खात्याच्या रीतीप्रमाणे, त्याने सही केली आहे. संपूर्ण वहीत सही एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

पुस्तकाविषयीचे मत ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असा समज सर्वत्र असतो. आवडले, नावडले, ज्याची त्याची रुची, असे म्हणून विषय संपविता येतो. परंतु काही पुस्तकांविषयी दिलेले मत हे त्या पुस्तकातील माणसांना समोरासमोर दिलेले उत्तर असते. ‘अतिशयोक्ती’ हा साहित्यशास्त्रातील एक अलंकार आहे. वर्गवारीच्या टेबलावर तोच शब्द घेण्यास नकार दिल्याच्या शेऱ्यासारखा वापरला गेला. दलित आत्मकथनांविषयी जे आक्षेप विद्वानांनी कलामूल्यांच्या नावाने घेतले, त्यांतील काही साधार होते. काहींच्या मागे अशीच एखादी कपबशी असण्याचा संभव नाकारता येत नाही. फरक इतकाच की, विद्वानांच्या परिभाषेत ती दिसेनाशी होते.

अभिनवगुप्ताचा निकष लावला तर हा वाचक सहृदय ठरणार नाही. त्याचे परिशीलन अल्प आहे, त्यात शिस्त नाही, आणि पुष्कळ पुस्तकांशी त्याचे जमत नाही. नंदा खरे यांची ‘उद्या’ त्याने दोनदा आणली. २०१४ सालच्या या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो स्वीकारला नाही, एवढे त्याला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. शेरा आहे : ‘अर्धी वाचली. समजली नाही. पुन्हा घेईन.’ दुसऱ्या वेळचा शेराही बहुतांशी तोच आहे. ‘अर्धी’च्या जागी ‘पाऊण’ आहे. न वाचलेल्या पुस्तकांवर आत्मविश्वासाने लिहिणाऱ्यांची संख्या विद्यापीठांतही कमी नाही, हे लक्षात घेता या दोन नोंदींची किंमत कळून येते.

समीक्षेचे कार्य अशा शेऱ्यांनी भागणार नाही. परंपरेचे भान, तुलना, घाटाचे विश्लेषण, मूल्यांची चिकित्सा ही कामे अभ्यासकालाच करावी लागतात आणि त्यांना पर्याय नाही. मात्र पुस्तकाने आपले काय केले या प्रश्नापासून अभ्यासकाची सुटका होते असेही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला निदान स्वतःच्या वहीत तरी लिहावे लागते. समीक्षेचा पाया तेथे आहे. इमारत त्यावर कितीही मजल्यांची होवो.

सध्या दुसरी वही चालू आहे. तीत त्याने शेऱ्याचा रकाना काढून टाकला असून प्रत्येक पुस्तकासाठी एक कोरे पान सोडले आहे. अखेरची नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची आहे. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने उतारवयात लिहिलेले हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आले. पुस्तक दोनदा मुदतवाढ घेऊनही परत गेलेले नाही. परत केल्याचा दिनांक रिकामा आहे आणि समोरच्या पानावर एकच ओळ आहे : ‘माझे वाचून झाले, घरातून वाचणे चालू आहे.’ पत्नीचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. पानाचा उरलेला भाग त्याने मोकळा सोडला आहे आणि वहीला पेन बांधून ती स्वयंपाकघरातील फळीवर ठेवली आहे.