घरबसल्या परीक्षक

मराठी मध्यमवर्गाच्या संसारात जोडधंदा ही गोष्ट अंगणातल्या तुळशीवृंदावनाइतकीच जुनी आहे. पगार येतो एका वाटेने आणि खर्च येतात चारी वाटांनी. मग मधली फट बुजवायला काहीतरी हाताशी धरावेच लागते. आमच्या वडिलांच्या पिढीत कुणी संध्याकाळी शिकवण्या करी, कुणी एखाद्या दुकानदाराची खतावणी लिहून देई, तर कुणी छापखान्याची मुद्रिते तपाशी. बायकांनी वाती वळल्या, शिवणयंत्रे चालवली, पापड लाटले. १९५९ साली गिरगावात सात जणी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. सगळ्याच जोडधंद्यांचे नशीब असे थोर नसते म्हणा. पण महिनाअखेरीला दाराशी आलेल्या दूधवाल्यापुढे मान खाली घालावी लागू नये, एवढे काम ते इमानेइतबारे करतात.

मी पडलो मराठीचा शाळामास्तर. तेव्हा माझा जोडधंदा ब्रह्मदेवानेच ठरवून ठेवलेला: उत्तरपत्रिका तपासणे! तीस वर्षे दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसले. निवृत्त झालो, लाल शाईचे पेन खणात गेले. पण बोटांची सवय काही जाईना. वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर मी खुणा करू लागलो. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका तपासून परत द्याव्यात असे मनात येऊ लागले. माझी ही अवस्था पाहून पुण्याचा भाचा एकदा म्हणाला, “मामा, तुम्ही नाहीतरी दिवसभर शेरे मारतच असता. मग त्याचे पैसे का घेत नाही?”

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. पण शेरे मारण्याचे पैसे देणारे लोक जगात खरोखरच आहेत आणि ते घरबसल्या देतात, हे त्याने मला समजावून सांगितले. आपण संगणकावर काहीतरी शोधतो आणि क्षणार्धात उत्तरांची चळत समोर येते. ती चळत यंत्र रचते. पण बरी रचली की वाईट, हे यंत्राला कसे कळावे? त्यासाठी माणूस लागतो. एकट्या गूगलसाठी असे सोळा हजारांच्या आसपास परीक्षक काम करतात, असे त्या कंपनीनेच जाहीर केले आहे. त्यांच्यासाठी लिहिलेली सूचनापुस्तिका २०१५ सालापासून कुणालाही वाचता येते. ती दीडशेहून अधिक पानांची आहे. शालान्त परीक्षा मंडळानेसुद्धा आम्हा परीक्षकांना एवढ्या सूचना कधी दिल्या नव्हत्या!

गंमत अशी की, परीक्षक होण्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते. पुस्तिका उघडी ठेवून उत्तरे लिहायची मुभा असते, हे खरे. परंतु उघड्या पुस्तकाची परीक्षा सर्वांत कठीण, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, ते या वयात स्वतः अनुभवले. उत्तीर्ण झालो. भाच्याने पेढे मागितले. मग कागदावर सही करावी लागली की, काम कुणाचे आणि कोणते हे बाहेर बोलणार नाही. तेव्हा वाचकहो, मालकाचे नाव मला विचारू नका. पुढची उदाहरणेही मी जरा वेश पालटूनच तुमच्यापुढे उभी करतो आहे.

काम असे: पडद्यावर एक प्रश्न येतो आणि त्याखाली यंत्राने दिलेले पान. ते पान विचारणाऱ्याची गरज किती भागवते हे ठरवायचे. पाच पायऱ्या असतात. ‘मुळीच नाही’पासून ‘पुरेपूर’पर्यंत. यात नवीन ते काय? दिवाळीच्या फराळाला बसलेली प्रत्येक आत्या हेच करीत असते. चकलीचा तुकडा मोडल्याबरोबर ती मनातल्या मनात पाचातली एक पायरी निश्चित करते आणि तोंडाने “छान झाली हो!” म्हणते. आमच्या धंद्यात फरक एवढाच की, मनातले मत तोंडावर सांगावे लागते.

आणि एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी कमी गुण दिले म्हणून ते पान खाली जात नाही, जास्त दिले म्हणून वर चढत नाही. आम्ही म्हणजे आचाऱ्याने बोलावलेले चाखणारे. पातेल्यात मीठ टाकण्याचा अधिकार आम्हाला नाही. ‘आज बेताचे झाले’ एवढेच आम्ही सांगायचे; अशा हजारो जिभांचा कौल पाहून आचारी आपली कृती बदलतो किंवा तशीच ठेवतो.

जगात या प्रकाराला जुना इतिहास आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र आणले होते. पेटीमागे बसलेला तुर्की पोशाखातला बाहुला भल्याभल्यांना मात देई. पुढे कळले की, पेटीच्या पोटात एक हाडामांसाचा खेळाडू दडवलेला असे! २००५ साली ॲमेझॉन कंपनीने घरबसल्यांना किरकोळ कामे वाटणारी एक सोय सुरू केली, तेव्हा तिला त्या तुर्काचेच नाव दिले. नाव देणारा मोठा प्रामाणिक असला पाहिजे. आजही शहाण्या यंत्राच्या पोटात डोकावले तर कुठेतरी एखादा मास्तर चष्मा पुसत बसलेला सापडेल.

या कामाला मी हसत हसत लागलो. पण एका रात्री माझे हसू मावळले. प्रश्न होता विंचू चावल्यावर काय करावे याचा. समोरचे पान मोठे देखणे होते. रंगीत चित्रे होती आणि भाषाही गोड होती. सल्ला मात्र कांदा चोळण्याचा आणि मंत्र म्हणण्याचा! पैसा किंवा जीव ज्यात गुंतला आहे अशा विषयांची त्या पुस्तिकेत निराळी वर्गवारी आहे आणि तिथे परीक्षकाने अधिक कडक व्हावे अशी आज्ञा आहे. मला त्या आज्ञेची गरज नव्हती. कोकणातला लाल विंचू काय करतो, हे माझ्या आजोळी मी ऐकलेले होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या रुग्णांच्या उशाशी बसून या दंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाने माणसे वाचतात हे दाखवून दिले आणि त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या मातीत हे घडले, त्याच मातीच्या भाषेत कुणी रात्री दोन वाजता घाबऱ्या बोटांनी प्रश्न विचारावा आणि त्याला कांदा मिळावा? मी ते पान शब्दन् शब्द वाचले, लिहिणाऱ्याची पात्रता शोधली, ती सापडली नाही, आणि सर्वांत खालची पायरी दिली.

या सगळ्याला बारा मिनिटे लागली. नेमून दिलेली होती तीन. उरलेल्या नऊ मिनिटांचा मोबदला कुणी देत नाही. घाईने गुण देणारा आणि विचार करून गुण देणारा यांना या धंद्यात एकाच मापाने दाम मिळतो, ही त्यातली पहिली खोच.

दुसरी खोच त्याहून अवघड. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि पुढे आमचे काम पालटले. आता पडद्यावर दोन यंत्रांची दोन उत्तरे शेजारी शेजारी येतात; बरे कोणते आणि का, ते सांगायचे. एकदा असे आले: दिवाळीला घरी येता येत नाही म्हणून मुलाने आईला पत्र लिहायचे होते. पहिल्या यंत्राने लिहिले, “आदरणीय आई, आपण कशा आहात?” व्याकरण बिनचूक, अक्षर मोत्यासारखे. दुसऱ्याच्या पत्रात एक-दोन वाक्ये लंगडत होती, पण सुरुवात होती, “आई, तू कशी आहेस?” मी दुसऱ्याला वरची पायरी दिली. आमच्याकडे आईला ‘आपण’ म्हणणारा मुलगा एक तर नाटकात असतो किंवा रुसलेला असतो!

थोड्या दिवसांनी इशारा आला: तुमचे गुण इतर परीक्षकांशी जुळत नाहीत. एकच उत्तर अनेकांना देऊन ते गुण ताडून पाहतात. बहुमत असेल ते बरोबर. वेगळा पडेल त्याचे काम कमी. उत्तरपत्रिकांनाही नियामक असतो, पण तो खोलीत बोलावून विचारतो, “मास्तर, इथे चार का दिले?” आणि मी सांगितलेले ऐकून घेतो. इथे ऐकणारे कुणीच नव्हते. पुढच्या महिन्यात काम निम्म्यावर आले. या पैशातून आम्हा दोघांच्या महिन्याच्या गोळ्या येत असत. निम्म्या पैशात अर्ध्याच गोळ्या येतात, हे गणित मराठीच्या मास्तरालाही समजते.

मी दोन दिवस विचारात होतो. बहुमत काय म्हणेल याचा अंदाज बांधून गुण देणे कठीण नसते. थोड्या सरावाने ते साधते. सौभाग्यवती भाजणीचे पीठ चाळता चाळता म्हणाली, “अहो, आईला ‘आपण’ लिहिणाऱ्या मुलाला तुम्ही वर्गात किती गुण दिले असते?”

“दहापैकी चार.”

“मग इथेही चारच द्या. गोळ्यांचे काय ते बघू.”

तेव्हापासून मी पूर्वीप्रमाणेच गुण देतो. फक्त कारणाच्या चौकटीत अधिक सविस्तर लिहितो. मराठीत आई ‘तू’ असते, सासूबाई ‘तुम्ही’ असतात आणि ‘आपण’ सभेत असते, हे मी आजवर वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी वेळा लिहिले असेल. उत्तर कधी आलेले नाही. काम पूर्वीइतके झालेले नाही, बंदही पडलेले नाही. ते बंद पडायला एक निरोप पुरतो, हेही मला ठाऊक आहे. ॲपेन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे गूगलबरोबरचे कंत्राट २०२४ सालच्या मार्चमध्ये संपले, तेव्हा या धंद्यातल्या किती घरांतले हिशेब विस्कटले असतील!

हे वाचून कुणाच्या मनात हा उद्योग करावा असे आले, तर मास्तरकीच्या अधिकाराने एक सूचना करतो. खरे काम देणारा तुमची परीक्षा घेईल, पण तुमच्याकडून पैसे घेणार नाही. ‘हॉटेलांना तारे द्या, चित्रफिती आवडल्या म्हणा आणि रोज हजारो कमवा’ असा निरोप आला, पहिल्या दिवशी दीडशे रुपये मिळाले आणि दुसऱ्या दिवशी पाच हजार भरायला सांगितले, की तो जोडधंदा तुमचा नसून त्यांचा आहे असे समजावे. फसगत झालीच तर लाजून गप्प न राहता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

बाकी कमाईचे म्हणाल तर, या धंद्यावर बंगले बांधता येत नाहीत. पण रात्री जेवणे आटोपून मी पडद्यापुढे बसतो, तेव्हा एक विचार मनात येतो. उद्या परदेशात वाढलेले एखादे नातवंड आजीला मराठीत चार ओळी लिहू पाहील. शेजारी सांगायला कुणी नसेल, म्हणून ते यंत्राला विचारील. यंत्राने त्याला “आजी, तू कशी आहेस?” असे लिहून दिले, तर त्या ‘तू’मध्ये माझा एक गुण असेल. आणि ‘आपण’ लिहून दिले, तर आजी चष्मा पुसून पत्र पुन्हा एकदा वाचील आणि हे पोर कशावरून बरे रागावले, याचा दिवसभर विचार करीत बसेल.