एल रीनोचा कांदा

सुट्टीत दूरच्या गावी खाल्लेला एखादा पदार्थ घरी परतल्यावर वर्षानुवर्षं आठवत राहतो आणि पुन्हा तसा कुठेच मिळत नाही, ही तक्रार बहुतेकांची असते. तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं आहे: ती चव पदार्थाची नव्हतीच, सुट्टीची होती. मन मोकळं, पोटात कडकडून भूक, घड्याळाचा काच नाही, मग काहीही गोडच लागणार. तव्यासमोर उभं राहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे उत्तर पटत नाही आणि बर्गरच्या बाबतीत तर मुळीच पटत नाही. बर्गर हा फार उघडा पदार्थ आहे. मांस, मीठ, पाव आणि आच, एवढाच त्याचा संसार. मसाल्याच्या आड लपायची सोय नाही, रश्शात चूक बुडवता येत नाही. त्यामुळे तो चांगला झाला असेल तर का झाला, हे बोट ठेवून दाखवता येतं. अमेरिकेत फिरताना आडवाटेच्या गावात असा बर्गर हाती लागणं याला लोक नशीब म्हणतात. माझ्या मते त्यामागे त्या गावाची जुनी अडचण असते आणि त्या अडचणीवर तिथल्या तव्याने शोधलेला उपाय असतो.

ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनोचंच घ्या. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर असलेलं हे रेल्वेचं गाव. रॉक आयलंड रेल्वेची मोठी कार्यशाळा इथे होती. 1922 साली पगारकपातीविरुद्ध अमेरिकेतल्या रेल्वे कार्यशाळांमधले कामगार संपावर गेले. गावाचा पैसा आटला, मांस महाग पडू लागलं, कांदा मात्र स्वस्त होता. त्या दशकात इथल्या खाणावळवाल्यांनी मांस कमी करून त्यात भरपूर कांदा दाबायला सुरुवात केली, असं गावात सांगतात. 1926 साली गावातून रूट 66 हा महामार्ग आखला गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ वाढली. रॉबर्ट्स ग्रिल हे छोटेखानी दुकान त्याच सालापासूनचं. पुढे पैसा आला, मांस परवडू लागलं, तरी कांदा तसाच राहिला. माझ्या दृष्टीने या इतिहासातला हाच सगळ्यात बोलका भाग आहे. गरज संपल्यावर टिकून राहते ती गोष्ट चवीच्या जोरावरच टिकते.

आता तव्याजवळ येऊ. ताज्या खिम्याचा लिंबाहून थोडा मोठा, सैल वळलेला गोळा तापलेल्या जाड लोखंडी तव्यावर पडतो. त्यावर मूठभर कांदा, इतका पातळ उभा चिरलेला की पलीकडचं दिसावं. मग उलथण्याच्या पाठीने, सगळा भार देऊन, गोळा आणि कांदा एकत्र सपाट दाबायचा. दाबायची वेळ पहिल्या अर्ध्या मिनिटाचीच, कारण तेव्हा मांसातली चरबी अजून घट्ट असते आणि दाबाने निसटत नाही. हेच दोन मिनिटांनी केलं तर सगळा रस तव्यावर वाहून जातो आणि हाती चिपाड उरतं. खालची बाजू खरपूस झाली की चकती उलटायची, म्हणजे कांदा खाली जातो आणि मांस वर येतं. कांद्यातलं पाणी वाफ होऊन वर चढतं आणि मांस त्या वाफेत अलगद शिजतं. पाणी सरलं की तोच कांदा चरबीत तळला जातो, त्याची साखर तांबूस होते आणि कडेचे धागे पार काळपट, कुरकुरीत होतात. खेकडा भजीच्या टोकांना जी चव असते, तीच ही. वर चीजचा काप, त्यावर पावाचे दोन्ही भाग झाकणासारखे, म्हणजे पावही त्याच वाफेत मऊ होतो आणि कांद्याचा वास धरतो. स्वस्ताईसाठी घातलेला कांदा इथे एकाच वेळी वाफ आणि मसाला या दोन्हींचं काम करतो आहे. पातळ दाबल्याने मांसाचा जास्तीत जास्त भाग तव्याला भिडतो, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे मांसातली प्रथिनं व साखर मिळून तो तांबूस पापुद्रा धरतात, ज्याचं रसायन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडलं. खाणावळवाल्याला मायार ठाऊक असायची गरज नव्हती. आवाज बदलला की उलटायचं, एवढं त्याला ठाऊक होतं.

आता सुट्टीचा आक्षेप. भुकेने आणि मोकळेपणाने चव खुलते, हे मी नाकारत नाही. पण एल रीनोच्या त्या काउंटरवर बसणारे बहुतेक लोक सुट्टीवर नसतात. ते त्याच गावचे असतात, कामावरून आलेले किंवा कामावर निघालेले, आणि हाच बर्गर त्यांनी शेकडो वेळा खाल्लेला असतो. सुट्टीच्या धुंदीनेच चव येत असती तर हे दुकान मंगळवारी दुपारी ओस पडलं असतं. शिवाय त्याच प्रवासात, त्याच भुकेने, महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर खाल्लेलं सँडविच कुणाच्या लक्षात राहत नाही. सुट्टी प्रवाशाला एक गोष्ट मात्र खरोखर देते, ती म्हणजे उभं राहून बघायला वेळ. गावी असताना आपण ऑर्डर देऊन फोनमध्ये डोकं घालतो. परगावी तव्याकडे बघतो, विचारतो, वास घेतो. ते लक्ष पदार्थात चव घालत नाही, असलेली चव दिसू देतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बर्गर म्हणजे जगभर सारखाच मिळणारा पदार्थ, त्याला गाव कसलं? हा समजही त्याच मुलखात जन्मला. शेजारच्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात 1921 साली व्हाइट कॅसल सुरू झालं आणि पाच सेंटला एक, सगळीकडे एकसारखा, पांढऱ्याशुभ्र दुकानात मिळणारा बर्गर ही कल्पना रुजली. तेव्हा लोकांना खिम्याची भीती वाटायची, त्यात काय दळलंय कोण जाणे. एकसारखेपणाने ती भीती घालवली, हे मोठंच काम होतं. पण एकसारखेपणासाठी अडचणी पुसून टाकाव्या लागतात आणि गावोगावचे बर्गर नेमके अडचणींनीच घडलेत. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला लुईज लंचमध्ये 1898 च्या बिडाच्या उभ्या शेगड्या अजून चालतात. मांस तारेच्या जाळीत उभं धरून दोन्ही बाजूंनी एकदम भाजलं जातं, चरबी खाली गळते, आणि ते पावाऐवजी भाजलेल्या ब्रेडमध्ये मिळतं. केचप मागायचं नाही. मिनियापोलिसमध्ये चीज मांसाच्या दोन चकत्यांच्या आत कोंडून भाजतात, आणि हे आधी कुणी केलं यावर सीडर अव्हेन्यू या एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांचा वाद अजून मिटलेला नाही. न्यू मेक्सिकोत उन्हाळा सरताना हिरव्या मिरच्या जाळीच्या पिंपात फिरवून भाजतात आणि तीच मिरची बर्गरवर येते. सॅन अँटोनियो या तिथल्या चिमुकल्या गावातला आउल बार 1945 पासून हेच देतो. भांडं, हवा, पीक, पगार: प्रत्येक ठिकाणी कुठल्या तरी एकाने पदार्थाला वाकवलंय.

मग कृती कळली की घरी का जमत नाही? कारण कृतीत तवा लिहिलेला नसतो. दुकानाचा तवा बोटभर जाडीचा, सकाळपासून तापत असलेला. गार गोळा पडला तरी त्याची आच ढळत नाही. घरच्या पातळ तव्यावर तोच गोळा पडला की तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मीठही दगा देतं: खिम्यात आधीच कालवलं तर प्रथिनं चिकटून मांस सॉसेजसारखं रबरट होतं, म्हणून ते तव्यावर पडता-पडता, फक्त वरून घालायचं. शिवाय खप असतो. दिवसभरात शेकडो गोळे उतरणाऱ्या तव्यावर मांस शिळं व्हायला वेळच मिळत नाही. कर्जतच्या वड्याचंही असंच. बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लागायचं, त्यासाठी गाडी थांबायची, आणि तेवढ्या काही मिनिटांत फलाटावर वडा विकला जायचा. गाडी ठरलेल्या वेळी येणार म्हणून घाणा ठरलेल्या वेळी पडणार, आणि प्रवाशाच्या हातात येणारा वडा कायम गरम. घरच्या कढईत तोच वडा तळला तरी मागे घाट नसतो.

हा खिमा गोमांसाचा. आपल्यातल्या अनेकांना ते वर्ज्य आहे, आणि त्यांना हे सगळं वाचून काय करायचं असं वाटू शकेल. मला ही अडचणही त्याच जातीची वाटते. मटणाची चरबी लवकर थिजते आणि गार होताच टाळूला चिकटते, कोंबडीत चरबीच कमी. म्हणून एल रीनोची नक्कल नुसता खिमा बदलून होत नाही, पदार्थ पहिल्यापासून विचारात घ्यावा लागतो. मुंबईत 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर बटाटेवडा पावात गेला तेव्हा कुणी बर्गरची नक्कल करत नव्हतं. गिरणीच्या पाळीला निघालेल्या माणसाच्या हातात, ताटाशिवाय, गाडी पकडता-पकडता खाता येईल असं काहीतरी हवं होतं.

ओक्लाहोमाच्या बाजूला जाणाऱ्याला तव्यावाल्याच्या नात्याने एवढंच सांगेन की कांद्याचा बर्गर बांधून घेऊ नका. कागदात गुंडाळला की वाफ आत कोंडते आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर कांद्याचे ते काळपट, कुरकुरीत धागे मऊ पडलेले असतात. तव्यासमोरचं स्टूल मोकळं होईपर्यंत थांबायचं, आणि उलथण्यावरून थेट समोर आला की तिथेच खायचा.