फिरणारा आवाज

आम्ही मिरजेत राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. नाकासमोर चालणारा माणूस अशी मोहल्ल्यात आमची ओळख आहे. अशा माणसाने इलेक्ट्रिक गिटारचे एक पेडल विकत घेतले, ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोहोचली तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "सर, सायकल घेतली म्हणायची!" गिटारलाही पेडल असते हे त्यांना पटवायला आमची मधली सुट्टी गेली.

घरी मात्र हसण्यासारखे काही नव्हते. अब्बा पलंगावर बसले होते. आम्ही खोके लपवून आत नेत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, काय आणलेस? आम्ही म्हणालो, "पेडल." त्यांनी मान वर केली. "मशीन का?"

त्या दोन शब्दांनी आम्ही जागच्या जागी थिजलो. अब्बा शिंपी होते. 2011 साली आमच्या बी.एड.च्या फीसाठी त्यांनी दुकानातल्या तीनपैकी दोन शिलाई मशिनी विकल्या. तिसरी वर्षभराने गेली आणि दुकानही गेले. आज आम्हाला मिळतो तो पगार त्या तीन मशिनींचा आहे, हे आम्हाला कोणी सांगावे लागत नाही. त्याच पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा देऊन आम्ही पायाने दाबायचे एक खेळणे घेऊन आलो होतो. आम्ही "नै अब्बा" एवढेच म्हणालो आणि आतल्या खोलीत गेलो.

गिटार आमच्याकडे आली तीही त्या बी.एड.च्या वर्षातच. पुण्यात खोलीवर राहणारा एक मित्र नोकरीसाठी परगावी जाताना काळी जुनी गिटार आणि दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आम्हाला देऊन गेला. त्याच्याच इयरफोनमधून आम्ही पहिल्यांदा जिमी हेंड्रिक्स ऐकला. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉकच्या मैदानावर तो वाजवत होता आणि गिटारचा आवाज सरळ येत नव्हता. तो हौदातल्या पाण्यासारखा गोल फिरत होता, जवळ येत होता, लांब जात होता. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलेला आहे असे आम्हाला त्या रात्री वाटले. कुठे, ते आठवेना. मग नोकरी, लग्न, मुले. गिटार कपाटावर चढली. पण तो आवाज डोक्यातून उतरला नाही.

दोन वर्षांपूर्वी गिटार पुन्हा खाली काढली आणि आम्ही पहिली चूक केली. स्वस्तात मिळाले म्हणून एक जुने फ्लँजर घेतले. पूर्वी स्टुडिओत एकच ध्वनिमुद्रण दोन टेपयंत्रांवर एकदम लावत आणि एका रिळाच्या कडेला, म्हणजे फ्लँजला, बोट लावून ते किंचित मागे ओढत. त्यावरून हे नाव पडले. दोन दिवस आम्ही खूष होतो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, आज भी विमान गया." खरेच, काहीही वाजवले तरी घरावरून जेट विमान जावे तसा आवाज येत होता. फ्लँजरचा यात दोष नव्हता. आपल्याला काय हवे ते न समजता खरेदी करणाऱ्याचा होता.

आम्ही मग शिक्षकाला शोभेल असे केले. आधी अभ्यास केला.

वर्गात आम्ही ध्वनीचा धडा शिकवतो तेव्हा फळ्यावर दोन मौजा काढतो. उर्दूत लहरीला मौज म्हणतात. दोन मौजा पावलाला पाऊल मिळवून चालल्या तर आवाज वाढतो. एकीची टेकडी दुसरीच्या दरीवर आली तर आवाज मरतो. गोल फिरणाऱ्या या आवाजांचे गुपित एवढेच आहे. गिटारचा आवाज दोन वाटांनी पाठवायचा, एका वाटेवर त्याला थोडे रेंगाळायला लावायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. रेंगाळणे सतत कमीजास्त केले की कधी हे स्वर मरतात, कधी ते, आणि कानाला वाटते की आवाज फिरतो आहे. फ्लँजरमध्ये उशीर अगदी थोडा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या एक ते दहा पट. कोरसमध्ये त्याहून जास्त, वीस-तीस पट. म्हणून तिथे एकाऐवजी दोघे वाजवतात असा भास होतो. फेझरमध्ये सगळा आवाज सारखा उशिरा येत नाही. वेगवेगळ्या स्वरांच्या मौजा वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात.

गंमत अशी की या साऱ्याची सुरुवात खरोखर फिरणाऱ्या वस्तूने झाली. अमेरिकेत डोनाल्ड लेस्ली नावाच्या माणसाला हॅमंड ऑर्गनचा आवाज घरात सपाट वाटे. त्याने एका लाकडी कपाटात वर फिरणारा कर्णा आणि खाली फिरणारा ढोल बसवला. 1940 च्या सुमारास ते कपाट बाजारात आले. मिरज जंक्शनवर न थांबणारी गाडी शिट्टी देत निघून जाते तेव्हा शिट्टीचा सूर येताना चढा आणि जाताना उतरता लागतो. तेच त्या कपाटात दर फेऱ्याला घडते. संथ चालीत कर्णा मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे घेतो. 1966 साली बीटल्सनी जॉन लेननचा आवाजसुद्धा त्यातून काढला. पण ते कपाट उचलायला दोन माणसे लागतात. गिटारवाल्याला पिशवीत मावेल असे काही हवे होते.

ते जपानात तयार झाले. फुमिओ मिएदा या अभियंत्याने शिन-एई कंपनीसाठी एक पेटी बनवली आणि 1968 मध्ये ती अमेरिकेत युनि-वाइब या नावाने आली. तिच्यात मधोमध एक छोटा दिवा आणि त्याच्या चार बाजूंना प्रकाश ओळखणारे चार सेल. दिवा मंद-प्रखर होतो तसा सेलांचा विद्युतरोध बदलतो आणि मौजा सरकतात. फिरत काहीच नाही, नुसता दिवा श्वास घेतो. दिव्याची तार तापायला आणि निवायला आपला वेळ घेते, सेलही लगेच सावरत नाहीत, म्हणून हा आवाज लंबकासारखा नेमका हलत नाही. तो एका बाजूला जरा जास्त रेंगाळतो. हेंड्रिक्सकडे हीच पेटी होती. पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये डेव्हिड गिलमोरने हीच वापरली.

पुढे वाचताना आम्हाला जे सापडले त्याने आम्ही पुस्तक मिटून बसलो. ही पेटी लेस्लीच्या कपाटाची नक्कल आहे असे सगळे धरून चालतात. मिएदांच्या डोक्यात मात्र रेडिओ मॉस्को होता. शॉर्टवेव्हवर दुरून येणारा तो आवाज वातावरणातून येताना कसा फिरतो, तेच त्यांना पकडायचे होते.

अब्बांच्या दुकानात तीन बँडचा रेडिओ होता. नव्वदच्या दशकात, इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली चार माणसे कटिंगच्या टेबलाभोवती बसत आणि बी.बी.सी.ची उर्दू खबर ऐकत. त्याआधी मॉस्कोची उर्दू खबरसुद्धा लागत असे, असे अब्बा सांगत. आम्ही काजे-बटणे करत तिथेच बसायचो. निवेदकाचा आवाज भरून येई, मग पोकळ होई, नळीतून आल्यासारखा वाटे, बुडे आणि पुन्हा वर येई. आज आम्ही त्याचे कारण फळ्यावर मांडू शकतो. आकाशातल्या आयनांच्या थरावरून तीच लहर दोन वाटांनी येते, एक थोडी उशिरा, आणि दोघी एकमेकींना कधी उचलतात, कधी बुडवतात. म्हणजे जे पेटीत घडते तेच आकाशात घडत होते. हेंड्रिक्सचा आवाज आधी कुठे ऐकला होता याचे उत्तर आम्हाला इतक्या वर्षांनी मिळाले.

तरीही पैसे देण्याआधी कोणाला तरी विचारावे म्हणून आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेत हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले एक वयस्कर कारागीर आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा माथा कानसीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा एका जागी आला की तारेतून एकामागून एक स्वर उमलतात आणि आवाज फिरू लागतो. दिवा नाही, वीज नाही.

आम्ही आमची अडचण सांगितली. त्यांनी हसून घेतले नाही. आम्ही मोबाइलवर आवाज ऐकवले ते डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "आवाज घूमना सर, आदमी कू चक्कर नै आना." मग म्हणाले, जवारी काढताना लगेच खूष व्हायचे नाही. चहा पिऊन यायचे आणि पुन्हा ऐकायचे. तेव्हाही बरी वाटली तर ती खरी.

पुढे एका प्रशिक्षणासाठी मुंबईला जाणे झाले. आम्ही गिटार सोबत नेली. दुकानातल्या भारी गिटारवर सगळेच चांगले वाजते, आपल्याला आपल्या गिटारवर वाजायला हवे. दुकानातला मुलगा भला होता, त्याने चार पेडले जोडून दिली. आम्ही वहीत रकाने आखले. संथ गतीला कसे वाजते, दाबल्यावर आवाज मोठा-बारीक होतो का, बंद असताना मूळ स्वर मळतो का, खरखर किती, आवाज जरा फाटका केला तर टिकते का, आणि शेवटचा रकाना आजोबांचा: पाच मिनिटांनी चक्कर येते का. प्रत्येकावर तोच एक कॉर्ड, तीच एक ओळ.

पहिला फेझर, एकाच बटणाचा, एम.एक्स.आर.च्या 1974 च्या फेज 90 च्या वळणावरचा. सरळ, प्रामाणिक, शिकवायला सोपा. साठपैकी बेचाळीस. फ्लँजरला आम्ही पूर्वग्रहदूषित परीक्षक होतो, तरी तीस दिले. कोरसला एकोणपन्नास, बॉस कंपनीने 1976 मध्ये आपले पहिले पेडल काढले ते कोरसचेच, आणि त्याचा गोडवा आजही सगळ्यांना का आवडतो ते कळले. चौथे वाइब, खऱ्या दिव्याचे. त्याच्यात थोडी धपधप होती. दाबल्यावर आवाज किंचित मोठा होत होता. गुण झाले चौवेचाळीस.

आम्ही खाली जाऊन चहा प्यालो. वर आलो आणि फक्त दोनच पुन्हा ऐकली. कोरस तितकाच गोड होता. वाइब लावले, गती अगदी कमी केली आणि एकच कॉर्ड सोडून दिला. तो भरून आला, पोकळ झाला, बुडाला, एका बाजूला रेंगाळला आणि वर आला. आमच्या बोटांना काज्याच्या सुईची टोच जाणवली म्हटले तर वाचक हसतील. आयुष्यभर आम्ही मुलांना गुणांची बेरीज करायला शिकवले. त्या दिवशी पाच गुणांनी मागे असलेल्याला पास केले.

मिरजेच्या गाडीत मात्र झोप आली नाही. एका मशिनीचे पैसे आपण मांडीवर घेऊन बसलो आहोत असे वाटत राहिले.

घरात लपवलेले ते पेडल आम्ही आठवडाभर काढलेच नाही. मग एका रात्री सगळे झोपले असे समजून दार लोटले, तपासून योग्य नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला, आवाज अगदी बारीक ठेवला. झाकणाच्या फटीतून दिव्याची उघडझाप दिसत होती. दोन-चार कॉर्ड वाजवले असतील, दारात अब्बा उभे. अम्मी गेल्यापासून ते रात्री फारसे झोपत नाहीत आणि बोलत तर त्याहून कमी. आम्ही तारांवर हात ठेवला. त्यांनी हातानेच खूण केली, चालू दे. आम्ही पुन्हा तोच कॉर्ड सोडला.

ते खाली बसले. कान जरा पुढे केला.

"इस्टेशन सरक रा है क्या रे?"

आम्ही काही सांगितले नव्हते. मिएदांचे नाहीच, रेडिओचेही नाही. आम्ही वाजवत राहिलो. त्यांनी पेडलाकडे पाहिले, गतीचे बटण ओळखले आणि हात पुढे केला. सुईत दोरा ओवणारी ती दोन बोटे आता थरथरतात. पण बटणावर ठेवली तेव्हा थरथर थांबली. पूर्वी दुकानात स्टेशन जुळवताना फिरवायचे तसे त्यांनी ते केसभर मागे घेतले, ऐकले, आणखी केसभर मागे घेतले.

"अब लगा," म्हणाले आणि उठून झोपायला गेले.

पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. तो हिशेब आमच्याकडे तसाच बाकी आहे. गती मात्र त्यांनी ठेवली तिथेच आहे. आम्हाला ती जरा जास्तच संथ वाटते. बटणाशेजारी आम्ही शिंप्याच्या खडूने एक बारीक रेघ मारून ठेवली आहे, आणि साफसफाईत ती पुसली जाऊ नये एवढी ताकीद घरात देऊन ठेवली आहे.