बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

‘गाडी गरम होते’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला त्यातून फारसं काही कळत नाही. कुठे गरम होते, किती वेळाने होते, तेव्हा वेग किती असतो, पंखा फिरत असतो का, पाणी कमी होतं का, हे सगळं सांगावं लागतं. वडिलांची १९९७ सालची मारुती ८०० माझ्याकडे आली तेव्हा यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकलो नसतो. तरीही दुरुस्त्या करत सुटलो, आणि एका टोपणावर भागलं असतं ते काम इंजिन खोलण्यापर्यंत नेलं.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात त्या चढावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या नेहमीच दिसतात. त्यामुळे आपल्याही गाडीचा तापमानाचा काटा तिथे वर सरकला, याचं मला विशेष काही वाटलं नाही. जुनी गाडी, एप्रिलचं ऊन, मागे माणसं आणि सामान. होणारच, असं धरून चाललो. खरं तर वडील याच गाडीने, याच घाटातून, भर उन्हाळ्यात वर्षानुवर्षं जात आले होते आणि काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता. मी शेजारी बसून ते पाहिलेलं होतं. गाडी जुनी झाली म्हणून तापत नाही, तिच्यात काहीतरी बिघडलं म्हणून तापते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या खेपेलाही तसंच झालं, तेव्हा मी पंख्याच्या मागे लागलो. ८०० चा पंखा विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापलं की स्विच त्याला चालू करतो. मी तो डायरेक्ट करून घेतला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. पण पंख्यात दोष असता तर गाडी आधी शहरात, सिग्नलला उभी असताना तापली असती, कारण उभ्या गाडीच्या रेडिएटरला वारा फक्त पंखाच देतो. माझी गाडी सिग्नलला निवांत असायची आणि चढावर, इंजिनवर लोड आला की तापायची. याचा अर्थ पाणी पुरेसं नाही, नीट फिरत नाही किंवा रेडिएटरमध्ये नीट निवत नाही. एवढी माहिती गाडी स्वतः देत होती. मी ती ऐकली नाही आणि इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

नंतर थर्मोस्टॅट काढला. आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही, असं अनेक जण छातीठोक सांगतात आणि मी ते पटवून घेतलं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी तापलं की मेण फुगून ती वाट उघडते. तो अडकला असेल तर गाडी नक्की तापते. पण अडकलाय का, हे उकळत्या पाण्यात टाकून मिनिटाभरात पाहता येतं. मी ते न करता तो फेकून दिला. सकाळी इंजिन तापायला वेळ लागू लागला, चोक लांबला, पेट्रोल जास्त जाऊ लागलं, आणि घाटातला काटा जिथल्या तिथे.

या सगळ्या काळात मी एक गोष्ट नियमाने करत होतो: बॉनेट उघडून रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी बघायचं. ते नेहमी खुणेपर्यंत भरलेलं असायचं. पाणी आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला, असं मी समजलो. ही माझी सगळ्यात महाग पडलेली समजूत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. माझ्या गाडीच्या टोपणावर ०.९ असा आकडा होता. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब साठेपर्यंत ते पाणी आत धरून ठेवतं. कुकरमध्ये होतं तेच इथे होतं. दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याहून वाढला की टोपणाची स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. इंजिन निवलं की आत पोकळी होते, टोपणाच्या मधोमध असलेला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. माझ्या टोपणाचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं. त्यामुळे दाब टिकत नव्हता आणि पाणी लवकर उकळून बाटलीत जात होतं. परत येताना पाण्याऐवजी त्या भेगांमधून हवाच आत जात होती. बाटली भरलेली आणि रेडिएटर थोडा थोडा रिकामा होत चाललेला. गार इंजिनवर टोपण उघडून आत बोट घातलं असतं तरी कळलं असतं.

शेवटी घाटातच काटा लाल पट्टीजवळ गेला आणि मग एकदम खाली आला. मला हायसं वाटलं. गाडी थांबवण्याऐवजी मी ॲक्सिलरेटर दाबला. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपून तो वाफेत उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो आणि इंजिन मात्र तापतच राहतं. तेव्हा काटा असा अचानक उतरला तर ताबडतोब इंजिन बंद करावं. मी वळणापर्यंत तसाच रेटत राहिलो. ओढ गेली, खडखड सुरू झाली, मग थांबलो. फडकं धरून टोपण फिरवलं, वाफेने मनगट भाजलं, आणि त्या घाईत पिण्याच्या बाटल्यांमधलं गार पाणी सरळ आत ओतलं.

तिथेच इंजिनचं हेड गेलं. हेड ॲल्युमिनियमचं, त्याला आवळून धरणारे बोल्ट पोलादी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यात वरून गार पाण्याचा लोट आला की ते वाकतं. अर्धा तास सावलीत थांबलो असतो तर कदाचित वाचलं असतं.

साताऱ्यात ज्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली, त्यांनी आधी ऑइलची काडी काढली. ऑइल पांढुरकं, फेसाळ झालेलं. मग तीन प्लग काढून ओळीने मांडले. दोन काळपट होते. तिसरा पाण्याच्या वाफेने धुऊन लख्ख निघाला होता. हेडखालचं गॅस्केट कुठल्या सिलिंडरजवळ फुटलंय ते इंजिन उघडायच्या आधीच कळलं.

“टोपण काढून रेडिएटरात कधी बघितलं होतं का?” त्यांनी विचारलं.

“बाटलीत पाणी होतं की काका.”

“बाटलीतलं पाणी इंजिनला काय कामाचं? आत गेलं तर खरं.”

हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवलं. ०.०५ मिलिमीटरची पातसुद्धा जायला नको. तिथे तिच्याहून जाड पाती अलगद गेल्या. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवलं, नवं गॅस्केट बसलं. मला वाटलं, काम झालं. पण रेडिएटर उघडून बघितल्याशिवाय गाडी देणार नाही, असं मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. रेडिएटरवाल्याने वरची टाकी काढली तेव्हा तिच्याखालच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजलेली दिसली. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. घरात गीझरच्या कॉइलवर जमतो तोच हा क्षार. तो थर मीच हे पाणी मगाने ओतून तयार केला होता. सळई घालून नळ्या मोकळ्या होईनात, म्हणून कोअर बदलावा लागला.

आता थर्मोस्टॅट जागेवर आहे. टोपण नवीन आहे, आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. पंख्याचं डायरेक्ट कनेक्शन काढून स्विच बसवला. इंजिन पूर्ण गार असताना आठवड्यातून एकदा टोपण उघडतो आणि पातळी बघतो. बाटलीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहितो; रेघ खाली गेली की पाणी वाढवण्याआधी होस पाइपच्या क्लिपा, वॉटर पंपाखालची जागा आणि ऑइलची काडी बघून घेतो. खंबाटकीत काटा अर्ध्याच्या खालीच राहतो.

हेड मात्र एकदा घासलं गेलं आहे. जाडी कमी झाली की कॉम्प्रेशन वाढतं आणि पुन्हा फेसिंग करायला जागा कमी उरते. किती मायक्रॉन काढले ते लेथवाल्याकडून लिहून घ्यायचं मला सुचलं नाही, त्यामुळे ते हेड आणखी एकदा फेसिंग सोसेल का, हे मिस्त्रींनाही सांगता येत नाही.