ओलांडायची नदी

पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर खाम नदीकडे मुद्दाम पाहावं, असं आम्हा शहरवाल्यांना कधी वाटलं नाही. ती ओलांडायची असते, एवढंच ठाऊक. मकाई, महेमूद, बारापुल्ला. दरवाज्यातून बाहेर पडलं की लगेच पूल. औरंगजेबानं १६८२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीनं शहराला तट घातला, तेव्हा ही नदी त्याला आयता खंदक म्हणून बरी वाटली असावी. गंमत अशी की परगावची माणसं जे पाहायला इथं येतात, त्यातलं बरंचसं या नदीच्या काठाला किंवा हाकेच्या अंतरावर आहे. पाहिली जात नाही ती नदी तेवढी.

लहानपणी पाहुणे आले की पाणचक्की ठरलेली. आमचे परभणीचे मामा हौदाच्या कठड्यावर बसत, माशांना मुरमुरे टाकत आणि दर खेपेला तोच प्रश्न विचारत, "एवढं पाणी कुठून यायलंय वो?" समोरच्या उंच भिंतीवरून पाण्याचा पडदा हौदात कोसळत असायचा. आम्ही पोरं मात्र दगडी पायऱ्या उतरून हौदाखालच्या दालनात पळायचो. डोक्यावर अख्खा हौद, म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छत. मे महिन्यातसुद्धा तिथं अंगावर शहारा यायचा. जात्याच्या खोलीत वाकून पाहिलं की पाण्याच्या माऱ्यानं खालचं आडवं चाक फिरताना दिसे आणि त्याच्या दांड्यावर वरची तळी. इथं बाबा शाह मुसाफिर यांची दर्गा. बाबा बुखाऱ्याकडचे. त्यांच्या ठिकाणी येणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना पीठ मिळावं म्हणून ही चक्की. १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या निजामाच्या सरदारानं ती बांधवली म्हणतात. मोठा हौद नंतरचा.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच उशिरा, इतिहासाच्या तासाला मिळालं. पाणी कित्येक किलोमीटर लांबच्या डोंगरातून, मातीच्या नळांतून, जमिनीखालून येतं. उताराच्या जोरावर चालतं आणि वाटेतल्या उंच मनोऱ्यांत चढून पुन्हा खाली उतरतं. या मनोऱ्यांना इकडं बंबे म्हणतात. त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडते, म्हणून पाणी अडत नाही. ही विद्या शहराला मलिक अंबरानं दिली. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आमचंच हे शहर, राजधानी म्हणून वसवलं आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी खोदवली. पुढं थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी कितीतरी नहरी झाल्या. माझं मत विचाराल तर त्याला खामचा भरवसा कधी वाटलाच नाही. नदी उशाला असताना त्यानं डोंगराचं पाणी आणलं, कारण आमची नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात डबक्यांवर येते. या शहरानं नदीकडं पाठ फिरवली ती तेव्हापासूनची.

कॉलेजात गेले ती मिलिंदमध्ये. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे सुरू केलेलं, नागसेनवनातलं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तिथं मोठी झाली, लिहिती झाली. मी सायकलवरून पूल पार करताना ओढणी नाकाला लावायची. गल्ल्यांचं सांडपाणी नदीत, प्लास्टिक नदीत, बाजारातला उकिरडा नदीत. त्यात वावगं आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, मीही म्हटलं नाही.

लग्न होऊन बेगमपुऱ्यात आले तेव्हा थत्ते हौद शेजारी आला आणि मकबरा रोजच्या वाटेवर. औरंगजेबाच्या पत्नीच्या, दिलरस बानू बेगमच्या आठवणीसाठी १६६०-६१ च्या सुमारास उभारलेली ही वास्तू पाहून लोक ताजची नक्कल म्हणतात. मी वाद घालत नाही. फक्त मुख्य दारावरच्या पितळी पत्र्याशी त्यांना उभं करते. अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता, दोघांची नावं तिथं कोरलेली आहेत. मग चुन्याच्या गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या दाखवते. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या तळच्या पट्ट्याला. पैसे आटले तिथं कारागिरांनी चुन्यातून जे काढलं, ते मला दगडापेक्षा जास्त आवडतं.

२०२१ मध्ये महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक कंपनीनं मिळून खाम स्वच्छ करायला घेतली. लोखंडी पुलाजवळ गाळ, कचरा निघाला, काठाला दगड लागले, फिरायला वाट झाली, भंगारातल्या वस्तूंतून शिल्पं उभी राहिली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस पुरस्काराच्या अंतिम पाचांत या कामाचं नाव गेलं, हे पेपरात वाचून मी चहा तसाच ठेवून यजमानांना हाक मारली होती.

काठ सुधारला, पण पाणी? आता आमच्या नळाला पाणी येतं ते पैठणहून, १९७६ च्या जायकवाडी धरणातून, पंपानं चढ चढवून. तेही रोज नाही. आणि खाम वाळूजकडून खाली जाऊन त्याच धरणाच्या जलाशयाला, नाथसागराला मिळते. म्हणजे आपण इथं सोडलेलं पाणी तिकडून फिरून आपल्याच माठात येतं. मधल्या शुद्धीकरणावर आपली सारी भिस्त.

खाम इको पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात यावरून रोज खटके उडतात. एक निवृत्त अभियंता काका म्हणतात, "आधी ड्रेनेज, मग बगीचे." मी त्यांच्या बाजूची. बाकीचे म्हणतात, काका, जरा चालू द्या हो. काका मात्र चालता चालता काठीनं एकेक नाला दाखवत जातात, कुठला कुठून येतो ते सांगत. बगीचा झाला नसता तर हे भांडण करायला आम्ही कुणी इथं जमलो नसतो, हेही त्यांना मान्य आहे, पण ते फक्त बायको सोबत नसते तेव्हा.